अकराव्या धड्याचा शेवट

साहित्य माणसाला आतून-बाहेरून बदलून टाकतं. हे वाक्य भार्गव डबीरने बारा वर्षांत एकोणीस गाइडांमध्ये लिहिलं होतं, दर वेळी ‘दीर्घोत्तरी प्रश्न’ या सदराखाली, पाच मार्कांसाठी. त्याच्या स्वतःवर साहित्याचा झालेला परिणाम म्हणजे चष्म्याचा नंबर आणि मानेचं दुखणं.

डबीरांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर रायपुरात आलं. फौज परत गेली, डबीर राहिले, आणि तेव्हापासून त्या घरात कोणी विशेष हालचाल केलेली नव्हती. भार्गव चौतीस वर्षांचा, हिंदीत एम. ए., अविवाहित. चौबे कॉलोनीत आईवडिलांजवळ राही आणि नरहरीभैयांच्या ‘उत्तीर्ण गाइड’चा मुख्य, म्हणजे एकमेव, लेखक होता.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी नरहरीभैयांनी त्याच्या टेबलावर एक पत्र टाकलं.

“शंकर नगर में कोई मास्टरनी है. लिखती है, ग्यारहवें पाठ में स्टेशनमास्टर मरता नहीं. अपने गाइड में मर गया है.”

“मरता होगा, भैया.”

“छह साल से मर रहा है, किसी ने कुछ नहीं कहा. जाके समझा दो. प्यार से.”

शेवटच्या दोन शब्दांची जबाबदारी नरहरीभैयांनी पुढे कधीच स्वीकारली नाही.

दहावीच्या हिंदीच्या पुस्तकातला हा अकरावा धडा म्हणजे एका लहानशा स्टेशनाची गोष्ट होती. एक मास्तर, आणि रोज सकाळच्या पॅसेंजरने पुढच्या गावी शिकवायला जाणारी एक मास्तरीण. धडा नऊ पानांचा. सहा वर्षांपूर्वी भार्गवला असे बावीस धडे आठ दिवसांत उरकायचे होते, म्हणून तो सहाव्या पानावर थांबला होता. पाठ्यपुस्तकातला एकटा माणूस शेवटी मरतो असा त्याचा अनुभव होता. त्यानं सारांश लिहून टाकला: ‘अंततः स्टेशनमास्टर कर्तव्य की वेदी पर प्राण न्योछावर कर देता है.’ हे वाक्य लिहून हजारो मुलं पास झाली होती.

पत्रावरचा पत्ता एका पिठाच्या चक्कीचा निघाला. वर्ग चक्कीच्या वर भरत होता. खाली चक्कीवाला देवीदास, पापण्यांपासून पायांपर्यंत पांढरा, घरघराटात ओरडून म्हणाला, “मैडम के पास? हव, ऊपर जाओ. चप्पल ऊपर उतारना.”

वर, खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात पिठाचे कण तरंगत होते. सतरंजीवर पंधरा-सोळा वर्षांची पाच मुलं. त्यांच्या समोर, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसलेली एक बाई. वय तिशीच्या थोडं पुढे, केसांवर पीठ, नाकावर पीठ, आणि नजर अशी की माणसाला आपण कोणता धडा अर्धवट सोडला ते आपोआप आठवावं.

“नमस्कार... मैं डबीर, उत्तीर्ण प्रकाशन से,” भार्गवनं ठेवणीतली हिंदी काढली. “आपकी शिकायत के संदर्भ में...”

“काहून, मराठी येत नाही का तुमाले?” ती म्हणाली. “गाइडावर तर ‘भा. य. डबीर’ छापून राहिले.”

“नाही, म्हणजे... येते. पत्राखाली ‘चित्रा उजागरे’ होतं, आणि लोक म्हणाले इथे ख्रिश्चनांची शाळा...”

“ख्रिश्चन लोकं मराठीत भांडत नाहीत असं वाटलं का तुमाले? आम्ही अचलपूरचे. बाबा रेल्वेत होते. बसा.”

तो बसला. शाळा नव्हतीच ती. पाच ख्रिस्ती कुटुंबांनी आपली मुलं शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं होतं. परीक्षा मुलं बाहेरून देणार. गणित एकाची आई पाही, विज्ञान दुसऱ्याचे वडील, आणि साहित्यासाठी त्यांनी चित्राला ठेवलं होतं. तिनं सहा वर्षं एका शाळेत नोकरी केली होती आणि सोडली होती. कारण विचारल्यावर ती फळ्याशेजारच्या कपाटाकडे बोट दाखवी. त्यात ‘उत्तीर्ण गाइड’ होतं.

वर्गाची सुरुवात प्रार्थनेनं होई. त्या दिवशी प्रार्थना म्हणायचा क्रम श्रावणी नावाच्या मुलीचा होता. तिनं डोळे मिटले. “प्रभु, आज जिसकी कहानी पढ़ेंगे, उसको समझने से पहले उससे प्यार करना सिखा. आमीन.”

भार्गवनं बारा वर्षं पात्रांचं ‘चरित्र-चित्रण’ केलं होतं. त्यांच्यावर प्रेम करायची सूचना त्याला कोणी दिली नव्हती.

“मैडम,” बीरगांवहून सायकलने येणारा अभिनव नावाचा लांब पोट्टा म्हणाला, “गाइड लिखने वाले के बारे में कुछ कहना है.”

“पत्थर उठाओ.”

सतरंजीच्या मधोमध एक दगड होता. खारून नदीतला, गुळगुळीत, मुठीएवढा. अभिनवनं तो उचलून तळहातावर घेतला. भार्गव नकळत थोडा मागे सरकला.

“मारणार नाही तो,” चित्रा म्हणाली. “एका बाईले दगड मारायला गर्दी जमली होती, माहीत आहे ना? येशूनं एवढंच म्हटलं, की ज्यानं कधीच चूक केली नाही त्यानं सुरुवात करा. एकेक जण दगड टाकून घरी गेला. म्हणून आमच्या इथं कोणत्याही माणसाले नावं ठेवायची असतील, गोष्टीतला असो की बाहेरचा, तर आधी दगड हातात घ्यायचा आणि आपण स्वतः तसंच काय केलं ते सांगायचं. मग बोलायचं.”

“आणि काही केलंच नसेल तर?”

“असं अजून कोणी सापडलं नाही.”

अभिनवनं घसा साफ केला. “मैंने अगस्त में बिना पढ़े किताब की रिपोर्ट लिखी थी. मैडम को आज बता रहा हूँ.” मग भार्गवकडे अतिशय सभ्यपणे बघून म्हणाला, “गाइड वाले सर ने ये पाठ पूरा नहीं पढ़ा है.”

पाच मुलं आणि एक बाई त्याच्याकडे बघत होती. त्यांच्या नजरेत आरोप नव्हता, म्हणून ते जास्त जड गेलं.

“पढ़ा है,” भार्गव म्हणाला. दगड त्याच्या हातात नव्हता, त्यामुळे खोटं बोलणं सोपं गेलं.

“मग ऐकूनच जा आता,” चित्रा म्हणाली. “श्रावणी, सातवें पन्ने से.”

सातव्या पानावर मास्तरणीची बदली होते. आठव्या पानावर ती शेवटची गाडी पकडायला येते. मास्तरनं बारा वर्षं मनात जुळवलेलं एक वाक्य असतं. तो तिच्या डब्यापाशी जातो, ट्रंक चढवून देतो, तोंड उघडतो आणि म्हणतो, गाडी आज वेळेवर आहे. मग हिरवा झेंडा दाखवतो. नवव्या पानावर दुसरी सकाळ. मास्तर येतो, कुलूप उघडतो, घड्याळाला चावी देतो. पॅसेंजर येते, थांबते, जाते. धडा संपतो.

श्रावणीनं पुस्तक मिटलं. वाचून झाल्यावर दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही असा तिथला रिवाज होता. नेमके त्याच वेळी शंकर नगरचे दिवे गेले आणि खालची चक्की घरघर करत थांबली. इतकी शांतता भार्गवनं रायपुरात कधी ऐकली नव्हती. उन्हातलं पीठ सावकाश खाली उतरत होतं. मुलांच्या पुस्तकांवर, दगडावर, चित्राच्या झुकलेल्या मानेवर.

ज्या माणसाला त्यानं सहा वर्षं, पाच आवृत्त्या मारलं होतं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आला होता. मरण्यापेक्षा ते कितीतरी कठीण होतं... आणि हे या पोट्ट्यांना कळलं होतं. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते पुसत नव्हता.

जिना उतरून भार्गव अनवाणीच रस्त्यावर आला आणि चपलांसाठी परत वर गेला. त्यानं ते भुकेवर ढकललं.

*

पुढच्या गुरुवारी तो परत गेला. “नव्या आवृत्तीच्या कामासाठी,” असं त्यानं सांगितलं.

“या,” चित्रा म्हणाली. “आज बारावा धडा. हा वाचला का?”

“हो.”

“पूर्ण?”

“...वाटेत ऑटोत वाचला. आत्ताच.”

ती हसली नाही. फक्त सतरंजीवर थोडी सरकली आणि त्याला खिडकीजवळची जागा दिली.

त्यानंतर गुरुवार हा त्याच्या आठवड्यातला एकमेव वार उरला. मुलं एखाद्या सावकाराला, खोटारड्या मुलाला, भित्र्या बापाला समोर बसवल्यासारखी त्याच्याविषयी बोलत. दगड एका हातातून दुसऱ्या हातात जाई. “मैंने भी दीदी का खत छुपाया था.” “मैं भी डर के मारे पापा से झूठ बोली थी.” आणि मग त्या पात्राबद्दल जे बोलणं होई, ते एकाही गाइडात मावलं नसतं. भार्गव वहीत टिपायला बसे आणि लिहायचं विसरे. वर्ग संपला की चित्रा गुळाचा चहा करी, पोरं पेरू कापत, आणि तो कपाच्या कडेवरून तिच्याकडे बघे. तीही बघत असे, पण शिक्षिका असल्यामुळे पकडली जात नसे.

“नवी आवृत्ती कुठवर आली?” जानेवारीत तिनं विचारलं.

“दीड पान.”

“सात गुरुवारांत?”

“बारकाईनं काम चाललंय.”

“तुमच्या कॉलरवर पीठ आहे.”

“कुठे?”

“राहू द्या,” ती म्हणाली, आणि हात पुढे येता येता... चहाच्या भांड्याकडे वळला.

एकदा त्यानं धीर करून विचारलं, “हे सगळं तुम्ही धर्मासाठी करता? आमच्या कॉलोनीत म्हणतात, त्या चक्कीच्या वर मुलांना बाटवतात.”

“बाटलेलीच येतात ती. जन्मापासून ख्रिस्ती आहेत,” ती म्हणाली. “गोष्ट वाचताना मी देवाले बाहेर चपलांजवळ बसवत नाही, एवढंच. तो आत असला की माणसाले टाकून देता येत नाही. सावकाराले पण नाही.” मग जरा थांबून, “गाइडवाल्याले पण नाही.”

भार्गवनं घरी जाताना या वाक्यावर पूर्ण जी. ई. रोडभर विचार केला आणि चौबे कॉलोनीचं वळण चुकला.

आणखी एक गोष्ट त्याला अलीकडे चकित करत होती. दर गुरुवारी तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवी आणि त्याच क्षणी चक्की थांबे. एकदा नाही, दर वेळी. सगळं जग गप्प होई आणि फक्त त्याची पावलं वाजत. भार्गव देवभोळा नव्हता. गणपतीपुरता होता. पण त्या शांततेत वर चढताना त्याला वाटे, की कोणीतरी वाट बघतंय, आणि ते कोणीतरी फार मोठं असावं.

घरी त्याची आई, रमाकाकू, शर्ट धुवायला घेताना म्हणाली, “भार्गव, खरं सांग. तुझी नोकरी गेली काय?”

“नाही ग, काहून?”

“मग दर गुरुवारी चक्कीत काम काहून करून राहिला?”

*

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी वर्गाचा शेवटचा दिवस होता. मार्चमध्ये परीक्षा. जिन्याच्या तोंडाशी श्रावणी भेटली. चप्पल काढता काढता ती म्हणाली, “सर, आपको पता है? मैडम को बस्तर के एक हॉस्टल-स्कूल से बुलावा आया है. कल तक जवाब देना है.”

“काय जवाब देणार?”

“हमको क्या पता,” श्रावणी म्हणाली. “हम तो प्रार्थना कर रहे हैं.” कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

त्या दिवशी उजळणीला चित्रानं अकरावा धडाच काढला. सहावं पान, सातवं, आठवं. मास्तरनं तोंड उघडलं आणि म्हणाला, गाडी आज वेळेवर आहे. भार्गवला हे वाक्य पाठ होतं. तरीही यावेळी त्याला ते ऐकवेना.

दोन मिनिटांची शांतता संपायच्या आत तो उठला. सतरंजीच्या मध्ये गेला आणि खारूनचा दगड उचलला. बारा गुरुवारांत त्यानं तो एकदाही उचलला नव्हता.

“मुझे स्टेशनमास्टर के बारे में कुछ कहना है.”

“पहले अपना, सर,” अभिनव म्हणाला. नियम तो नियम.

“पहले... हाँ. दो बातें हैं. पहली, मैंने ये पाठ पूरा नहीं पढ़ा था. तीन पन्ने छोड़े थे. मैडम से झूठ बोला.”

“वो तो सबको पता है, सर.”

“दूसरी...” इथे हिंदी संपली. तो चित्राकडे वळला आणि मराठीत आला. पोट्ट्यांना कळू नये हाही एक उद्देश होता. “मी बारा गुरुवार इथे येऊन राहिलो. नवी आवृत्ती वगैरे काही नाही. दीड पान झालं होतं, तेही मी फाडलं. दर गुरुवारी मी ठरवून येतो की आज सांगायचं, आणि तुम्ही चहा देता, आणि मी म्हणतो, गूळ छान आहे. उद्या तुम्ही बस्तरले हो म्हटलं तर मी स्टेशनावर येईन, तुमची ट्रंक चढवीन आणि म्हणेन, गाडी वेळेवर आहे. मले तसं म्हणायचं नाही. मले... तुम्ही आवडता. म्हणजे फार. शेवटच्या पानापर्यंत.” त्यानं श्वास घेतला. “आता स्टेशनमास्तरविषयी. तो भित्रा होता.”

 मागून श्रावणीचा आवाज आला, “सर, मराठी समझती है हमको. बस बोलनी नहीं आती.”

“सबको?”

“मैडम फोन पर मराठी में ही बोलती हैं,” अभिनवनं समजावून सांगितलं. “तीन साल से.”

भार्गवला दगडाखाली जाण्याची इच्छा झाली, पण तो मुठीएवढाच होता.

चित्रा उठली. तिच्या गालावर पिठाची रेघ होती आणि बाकी चेहरा लाल. तिनं हात पुढे केला. त्याला वाटलं निरोपाला. तिनं त्याच्या हातातून दगड घेतला.

“मले मास्तरणीविषयी बोलायचं आहे,” ती म्हणाली. आवाज वर्गातलाच होता, फक्त खालून हलत होता. “सगळे मास्तरलेच बोलतात. बारा वर्षं ती शेवटच्या डब्यात चढायची, दुसऱ्या पानावर लिहिलं आहे. शेवटचा डबा मास्तरच्या खोलीसमोर थांबायचा म्हणून. तिले सगळं माहीत होतं. तोंड तिले पण होतं.”

“पहले अपना, मैडम,” अभिनव हळूच म्हणाला.

“हव रे, सांगते.” तिनं दगड दोन्ही हातांत धरला. “तिसऱ्या गुरुवारी मी देवीदासभैयाले जाऊन सांगितलं, की चष्मेवाले सर गल्लीत दिसले की चक्की बंद करत जा. त्यांनी विचारलं, काहून? मी म्हटलं, पोरांचा अभ्यास होत नाही. खोटं बोलले. मले... जिन्यावरची पावलं ऐकायची होती.”

 दोन महिने भार्गव ज्याला दैवी संकेत समजत होता, त्याला देवीदासच्या हातातलं एक बटण कारण होतं. चमत्कार लहान झाला असं त्याला वाटायला हवं होतं. तो इतका मोठा झाला होता की खोलीत उभं राहायला जागा अपुरी पडू लागली.

“आणि बस्तर?” त्यानं कसंबसं विचारलं.

“नाही म्हणून काल कळवलं.”

“काहून?”

“दीड पानाची आवृत्ती कोण पुरी करणार,” ती म्हणाली, आणि यावेळी तिचा हात चहाच्या भांड्याकडे वळला नाही. त्या हातानं तिनं भार्गवच्या कॉलरवरचं पीठ झटकलं. सावकाश... दोन्ही बाजूंचं.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग कोणी न सांगता पाचही जणांनी डोळे मिटले आणि दोन मिनिटांची शांतता पाळली.

*

“मी रविवारी चर्चले जाणार,” जिन्यावर बसून ती म्हणाली. “लग्नानंतर पण.”

“मी गणपती बसवणार.”

“बसव. पोहे मी करीन, आरती तू म्हण. माझ्या वडिलांशी तू बोल.”

“रागावतील?”

“दगड उचलतील. पण मग त्यांना आधी आपली गोष्ट सांगावी लागेल. माझ्या आईले त्यांनी अचलपूरहून पळवून आणलं होतं. नागपूरपर्यंत मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात.” ती हसली. ते हसू जिना उतरून खालपर्यंत गेलं. “तुझ्या आईले काय सांगशील?”

“पीठ कुठून यायचं ते.”

रमाकाकू एक दिवस बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच किलो गहू काढून दिले आणि बारीक दळून आणायला सांगितलं. याहून स्पष्ट होकार डबीरांच्या घराण्यात आजवर कोणी दिला नव्हता. कलेक्टर कचेरीच्या फलकावर दोघांच्या लग्नाची नोटीस तीस दिवस लागली. हरकत कोणी घेतली नाही. शेवटपर्यंत ती वाचली नसावी कोणी.

भार्गवनं सगळे बावीस धडे पूर्ण वाचून गाइड नव्यानं लिहिलं. ते जूनमध्ये छापून आलं. पान एक्केचाळीसवर स्टेशनमास्तर जिवंत आहे.

परीक्षा मात्र मार्चमध्ये झाली होती आणि अकराव्या धड्याच्या शेवटावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता. पाचही मुलांनी खरा शेवट लिहिला. पेपर तपासणाऱ्यांकडे गाइडाची जुनी आवृत्ती होती. प्रत्येकाचे दोन मार्क कापले गेले.